ड्रेस्डनचं ग्रीन व्हॉल्ट: खालचं बघायचं की वरचं?

जर्मनीतल्या ड्रेस्डनला गेलात तर इथे गंडायची पूर्ण शक्यता आहे, मी स्वतः गंडलेय. सॅक्सनीच्या राजांच्या जुन्या राजवाड्यात त्यांच्या दागदागिन्यांचं म्युझियम आहे, ग्रीन व्हॉल्ट नावाचं, पण एकाच वाड्यात या नावाची दोन आहेत आणि तिकिटं वेगवेगळी. तळमजल्यावर हिस्टॉरिक, पहिल्या मजल्यावर न्यू. ऐतिहासिक म्हणजे भारी असणार असं धरून मी खालचं बुक केलं आणि तो फेमस हिरवा हिरा कुठाय म्हणून खोल्या पालथ्या घातल्या. तो वर असतो! आणि नावातलं ग्रीन त्या हिऱ्यावरून आलेलंच नाहीये, खालच्या खांबांच्या माथ्याला हिरवा रंग दिलेला होता म्हणून ते नाव, हिरा तर १७४२ मध्ये घेतलाय.

खाली खरं म्हणजे खोल्याच बघायच्या. ऑगस्टस द स्ट्राँग राजाने १७२३ पासून पुढच्या काही वर्षांत सजवून घेतलेल्या, कुठे अंबर, कुठे हस्तिदंत, कुठे चांदी, बऱ्याच वस्तू काचेविना उघड्या फळ्यांवर आणि मागे आरसे, त्यामुळे एक पेला चार दिसतो. धूळ आत जाऊ नये म्हणून दुहेरी दारातून थोडेथोडेच लोक सोडतात, तिकिटावर वेळ असते. अर्थात सगळं अगदी जसंच्या तसं नाही हं, १९४५ च्या बॉम्बिंगमध्ये काही खोल्या गेल्या होत्या, खजिना आधीच हलवला होता म्हणून वाचला, मग तो सोव्हिएत युनियनला गेला, १९५८ ला परत आला, आणि या खोल्या दुरुस्त होऊन उघडल्या थेट २००६ ला. २०१९ ची दागिन्यांची ती गाजलेली चोरीही इथलीच. हिरवा हिरा तेव्हा न्यूयॉर्कला प्रदर्शनात होता.

वरचं 'न्यू' म्हणजे फक्त मांडणी नवी, माल तितकाच जुना. इथे वाड्याचं जनरल तिकीट चालतं. काचेच्या पेट्या, नीट लायटिंग, एकेका वस्तूपाशी थांबता येतं. चेरीच्या बीवर शंभरहून जास्त चेहरे कोरलेत, भिंगातून बघावे लागतात! हिरा ४१ कॅरेटचा, पण खरं सांगू का, मी तिथे दोन मिनिटं पण नव्हते कारण पुढे औरंगजेबाचा दरबार आहे. डिंगलिंगर नावाच्या सोनाराने भावांना घेऊन १७०१ ते १७०८ खपून केलेला, बादशहाचा वाढदिवस, सोन्याची बोटाएवढी माणसं, हत्ती, उंट, नजराणे, जवळपास पाच हजार हिरे. आणि गंमत म्हणजे या भावांपैकी कोणी भारतात आलेलंच नव्हतं, प्रवासवर्णनं वाचून दिल्ली उभी केली, आणि खरा औरंगजेब त्या वर्षांत दिल्लीत नव्हताच, आपल्याकडे पन्हाळा, सिंहगड, राजगड, तोरण्याला वेढे घालत फिरत होता.

वेळ कमी असेल तर वरचंच बघा, मी तरी तेच सांगेन. दोन्ही करायची असतील तर खालचा स्लॉट आधी ऑनलाईन घेऊन ठेवा आणि वरचं त्याच्या आगेमागे बसवा.

आईला घेऊन गेले होते, ती औरंगजेबाच्या दरबारापाशी काचेला नाक लावून बराच वेळ बघत होती, मग म्हणाली, "१७०८ लिहिलंय ना गं? हा तर १७०७ लाच नगरला वारला!"