बेका खोऱ्यातील मिश्र रेड वाइन

पूर्व लेबनॉनमधील बेका खोऱ्यात पिकणाऱ्या एकाहून अधिक वाणांच्या काळ्या द्राक्षांपासून केलेली व ओकच्या पिंपांत मुरवलेली वाइन. पश्चिमेस लेबनॉन आणि पूर्वेस अँटी-लेबनॉन या पर्वतरांगांच्या मध्ये पसरलेले हे खोरे सुमारे १२० किमी. लांब असून समुद्रसपाटीपासून साधारण १,००० मी. उंचीवर आहे. भूमध्य समुद्राकडून येणारा बराचसा पाऊस पश्चिमेची रांग अडवते, त्यामुळे उन्हाळा कोरडा जातो आणि वेलींना बुरशीचा उपद्रव कमी होतो. हिवाळ्यात डोंगरांवर साचलेल्या बर्फाचे पाणी मात्र जमिनीत मुरत राहते. दिवसाचे कडक ऊन द्राक्षांत साखर भरते, तर थंड रात्री त्यांतील आम्लता टिकवतात. एवढ्या दक्षिणेस असूनही येथील वाइन बेचव व जड होत नाही, याचे श्रेय मुख्यत्वे या उंचीला द्यावे लागेल.

खोऱ्यातील बालबेक येथे बॅकस या मद्यदेवतेचे म्हणून ओळखले जाणारे रोमन मंदिर आजही उभे आहे. तथापि सध्याच्या वाइन-उद्योगाचा त्या काळाशी अखंड धागा जोडणे धाडसाचे ठरेल. आधुनिक उद्योगाची सुरुवात १८५७ मध्ये जेझुइट या कॅथलिक पंथाच्या धर्मगुरूंनी खोऱ्यातील क्सारा येथे केली आणि सँसो हा फ्रेंच वाण त्यांनी अल्जीरियातून आणला. पहिल्या महायुद्धानंतरच्या फ्रेंच अंमलात मागणी वाढली, आणि १९३० मध्ये गास्तों होशार यांनी शातो मुझार ही वाइनरी स्थापन केली.

या प्रकारच्या वाइनचे सर्वांत परिचित उदाहरण मुझारचेच आहे. काबर्ने सोव्हिन्याँ, सँसो आणि कारिन्याँ हे तीन वाण तिच्यात एकत्र येतात: पहिला टॅनिन (तुरटपणा आणणारे द्रव्य) व बांधा देतो, दुसरा सुगंध व मृदुता, तर तिसरा रंग व आम्लता. प्रत्येक वाणाचे किण्वन (आंबवणे) सिमेंटच्या टाक्यांत वेगवेगळे होते. नंतर वाइन सुमारे वर्षभर फ्रान्सच्या नेव्हेर भागातील ओकच्या पिंपांत राहते. ओकचे लाकूड हवेचा अत्यल्प अंश सतत आत येऊ देते, त्यामुळे टॅनिनचा तुरटपणा निवळतो व रंग स्थिरावतो. लाकडाचा स्वतःचा व्हॅनिलासारखा वास हा दुय्यम परिणाम होय, आणि तोच पुढे आला तर द्राक्षे हरवली असे समजावे. मिश्रण तिसऱ्या वर्षी केले जाते, त्यानंतर वाइन बाटलीत भरून आणखी काही वर्षे तळघरात ठेवतात व सुगीनंतर सातव्या वर्षी विक्रीस काढतात. तिच्यातील बाष्पनशील आम्लाचा, म्हणजे व्हिनेगरसारखा वास देणाऱ्या आम्लाचा, तीव्र अंश काही जाणकारांना दोष वाटतो, तर चाहते त्यालाच तिचा स्वभाव मानतात. काटेकोर मापाने तो दोषच आहे. तरीही जुन्या बाटल्यांतील गुंतागुंत त्यामुळे उणावत नाही.

मुझारच्या द्राक्षबागा खोऱ्यात आणि तळघर मात्र पर्वतरांगेपलीकडे, बैरूतच्या उत्तरेस गझीर येथे आहे. १९७५ ते १९९० या यादवी युद्धाच्या काळात हे अंतर जिवावर बेतणारे ठरले, कारण तोडलेली द्राक्षे नाकेबंदी व तोफमारा चुकवत घाट ओलांडून न्यावी लागत. १९७६ मध्ये वाइन करताच आली नाही. १९८४ मध्ये ट्रक लांबच्या वळणाने पोहोचेपर्यंत द्राक्षे वाटेतच आंबू लागली होती. गास्तों यांचे पुत्र सर्ज होशार यांनी अशाही स्थितीत काम चालू ठेवले. १९७९ मध्ये ब्रिस्टल येथील वाइन-मेळ्यात त्यांच्या वाइनची वाखाणणी झाली, आणि देशांतर्गत ग्राहक दुरावत असताना ब्रिटन ही तिची मोठी बाजारपेठ बनली.

युद्धसमाप्तीनंतर खोऱ्यात अनेक नव्या वाइनरी निघाल्या. त्यांपैकी बऱ्याच जणांनी आरंभी काबर्ने, मेर्लो व सिरा या वाणांवर भर दिला. अलीकडे मात्र एके काळी सामान्य समजल्या गेलेल्या सँसो व कारिन्याँ यांच्या जुन्या वेलींना पुन्हा मागणी आली आहे.