काकूंचा ऱ आणि आठ सेकंदांचा शिफ्ट

रामबागेतल्या आमच्या काकू गणेशोत्सवाच्या स्मरणिकेचा मजकूर स्वतःच टाइप करतात, तोही विंडोजऐवजी लिनक्सवर, इनस्क्रिप्ट या भारतीय लिप्यांच्या कीबोर्ड-मांडणीत. परवा त्यांचा फोन आला. "अरे, कीबोर्ड बिलकुल मेलाय. माउस चालतोय, पण अक्षर काही उमटत नाही. नवा आणू का?" म्हटलं, थांबा, आधी पोहे करा, मी येतो.

बटणं कितीही बडवली तरी स्क्रीन ढिम्म. पण बटण दाबलं आणि अक्षर उमटलं, इतकं ते सरळ नसतं. इंग्रजी ‘जे’ (J) लिहिलेलं बटण घ्या. यूएसबी कीबोर्ड त्याचा क्रमांक पाठवतो १३. लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, त्यालाच ३६ म्हणतो. पुढे हा निरोप चित्रमय पडदा सांभाळणाऱ्या एक्स सर्व्हरकडे जातो. एक्स १९८४ साली एमआयटीत जन्मला आणि त्याच्या नियमानुसार बटणांचे क्रमांक ८ पासून सुरू होतात, म्हणून ३६ चे होतात ४४. आता एक्सकेबी नावाचा भाग ४४ चा अर्थ लावतो: इंग्रजीत ‘जे’, इनस्क्रिप्टमध्ये र, शिफ्टसह ऱ. मराठी कळते ती या टप्प्यावर. कीबोर्डला तिचा पत्ताही नसतो.

निरोप नेमका कुठे हरवला, हे शोधायची सोपी युक्ती म्हणजे कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ एकत्र दाबणं. त्याने निव्वळ अक्षरांचा काळा पडदा येतो आणि एक्स वाटेतून बाजूला होतो. दोनदा दाबलं, काही नाही. तिसऱ्यांदा वैतागून धरूनच ठेवलं, तर पडदा आला, आणि तिथे सगळी अक्षरं झरझर उमटली! म्हणजे कीबोर्ड, वायर, कर्नल ठणठणीत. (इथेही काही उमटलं नसतं, तर आधी वायर काढून दुसऱ्या पोर्टात लावली असती.)

पण धरून ठेवल्यावरच पडदा का आला? चित्रमय पडद्यावर परत येऊन टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, एकेक बटण तसंच दाबून धरलं आणि एक्सईव्ही (xev) नावाचा प्रोग्राम सुरू केला. एक्सपर्यंत पोचलेलं प्रत्येक बटण तो छापून दाखवतो. (एक्सच्या जागी नवं वेलँड असेल तर त्याऐवजी डब्ल्यूईव्ही (wev) वापरा.) ‘जे’ नुसतं टिचकलं, काही नाही. क्षणभर धरलं, लगेच छापून आलं: ४४.

चोर सापडला, स्लो कीज! ज्यांचा हात थरथरतो त्यांच्यासाठी एक्सकेबीत केलेली ही सोय. चुकून लागलेला धक्का ती मोजतच नाही, बटण ठरावीक वेळ धरलं तरच मानते. कीबोर्डवरून सोयी चालू करायची मुभा सेटिंगमध्ये दिलेली असेल, तर शिफ्ट आठ सेकंद धरल्यावर स्लो कीज जागी होते. पाचदा टिचकलं तर तिची बहीण, स्टिकी कीज (शिफ्टसारखं बटण धरून न ठेवता वापरू देणारी). काकूंच्या मशीनवर ती मुभा होती. कोणी दिली, देव जाणे.

"काकू, शिफ्ट धरून बसला होतात का?"

"बसले होते ना! वऱ्हाडातून माळव्यात आलेल्या घराण्यांवर लेख आहे. तो मेला ऱ सापडेना, बटणांवर मराठी छापलेलंच नाही."

पुन्हा आठ सेकंद शिफ्ट धरला, स्लो कीज बंद. ती मुभाही काढून टाकली. पोह्यांवर शेव-जिरावण पडेपर्यंत काकूंनी ‘जे’च्या बटणावर नेलपेंटचा लाल ठिपका देऊन ठेवला होता.