निर्जळीपासून तासाभरापर्यंत

"चहा घेतला तर चालेल का?" रविवारी सकाळी पुण्यात क्वार्टर गेटच्या कॅथलिक सिटी चर्चला निघताना हा प्रश्न हमखास निघतो, आणि उत्तर द्यायच्या आधी कुणीतरी घड्याळ बघतं. ख्रिस्तप्रसाद, म्हणजे मिस्सेत (कॅथलिक उपासनेत) मिळणारी पवित्र भाकर, घेण्याआधी तासभर पाणी आणि औषधाखेरीज काही पोटात जाऊ नये, एवढाच नियम आता उरलाय. तास मोजायचा तो प्रसाद घ्यायच्या वेळेपासून मागे, मिस्सेच्या घंटेपासून नव्हे. त्यामुळे निघतानाचा कप बहुधा खपून जातो.

पूर्वी हा उपवास चक्क निर्जळी होता. साबुदाण्याच्या खिचडीचं सोडाच, मध्यरात्रीनंतर पाण्याचा घोटही चालत नसे. प्रथा फार जुनी. इ.स. ४०० च्या सुमारास संत ऑगस्टीन लिहितात की ती जगभर पाळली जाते. सवाई माधवरावांनी १७९२ मध्ये सिटी चर्चला जागा दिली ती पेशव्यांच्या फौजेतल्या कॅथलिक शिपायांसाठी. त्यांनाही नियम हाच. मिस्सा सकाळीच उरकायची, यामागे मोठं कारण हेच होतं. संध्याकाळपर्यंत कोण कोरडं राहणार?

बदल घडवला तो नव्या जगण्याने. कारखान्यांतल्या रात्रपाळ्या, थोडे धर्मगुरू आणि लांबलांबची गावं, अशी कारणं देत पोप बाराव्या पायस यांनी १९५३ मध्ये पाणी मोकळं केलं आणि संध्याकाळच्या मिस्सेची वाट उघडली. १९५७ मध्ये जेवण आणि मद्यासाठी तीन तास, इतर पेयांसाठी एक तास ठरला. सहाव्या पॉल यांनी २१ नोव्हेंबर १९६४ ला सरसकट एक तास केला. वृद्ध, आजारी आणि त्यांची शुश्रूषा करणाऱ्यांना तोही नाही.

पोटाची तयारी अशी सैल होत गेली. मनाची झाली नाही. वर्षातून एकदा तरी पापनिवेदन, म्हणजे धर्मगुरूसमोर पापांची कबुली, करावं, हे १२१५ च्या चर्चच्या लॅटरन परिषदेने सांगितलं. गंभीर पाप मनात असताना पापनिवेदन केल्याशिवाय प्रसादाला जाऊ नये, हे १५५१ मध्ये ट्रेंटच्या परिषदेने, आणि ते आजही लागू आहे. उलट दहाव्या पायस यांनी १९०५ मध्ये रोज प्रसाद घ्यायला उत्तेजन दिलं, १९१० मध्ये पहिल्या प्रसादाचं वय सातच्या आसपास आणलं.

आमच्या ओळखीच्या एक आजी मात्र शेवटपर्यंत शनिवारी रात्री झोपताना तांब्यावर फुलपात्र पालथं घालायच्या. ते उघडायचं मिस्सेहून परतल्यावरच.