शिक्षा वाढवून चोरी थांबते का?

हापूसचा सीझन आला की आमच्या रत्नागिरीकडे बागांच्या राखणीला नेपाळी गुरखे असतात, हातात बॅटरी, सोबत कुत्रा आणि रात्रभर हाकारे. गडग्यावर 'आंबे तोडल्यास ५००० रु. दंड' अशी पाटी पण असते, पण गुरखा दोन दिवस आजारी पडला की कलमं मोकळी झालीच म्हणून समजा. दंड तोच, पाटी तीच, फक्त बघणारा कोणी नाही.

डॅनियल नेगिनसारखे गुन्हेगारीचे अभ्यासक हेच सांगतात, की धाक बसतो तो पकडलं जाण्याच्या खात्रीचा, दहाची वीस वर्षं केली म्हणून धाक काही दुप्पट होत नाही.

मग शिक्षाच का वाढवतात? कारण पोलीस, लॅब, न्यायाधीश वाढवायला पैसा आणि वर्षं लागतात, कायद्यातला आकडा एका अधिवेशनात बदलतो आणि त्यावर मतंही मिळतात. अमेरिकेत तर बहुतेक राज्यांत मुख्य सरकारी वकील आणि शेरीफ, म्हणजे तिथले जिल्ह्याचे पोलीस प्रमुख, हेसुद्धा निवडून येतात, तिथे 'हा गुन्हेगारांना सोडतो' असा शिक्का बसला की संपलंच. १९९४ ला कॅलिफोर्नियात 'थ्री स्ट्राइक्स' कायदा आला, आधीचे दोन गंभीर गुन्हे नावावर असले की तिसऱ्याला २५ वर्षं ते जन्मठेप. एकाने तीन गोल्फ स्टिक पॅन्टच्या पायात लपवल्या, लंगडत चालला म्हणून दुकानातल्या माणसाला संशय आला, आणि त्याला हीच शिक्षा झाली, २००३ मध्ये सुप्रीम कोर्टाने ती कायम पण ठेवली. तुरुंग इतके भरले की २०११ ला त्याच कोर्टाला कैदी कमी करा असा आदेश कायम करावा लागला, आणि २०१२ मध्ये लोकांनीच मतदान करून कायदा सौम्य केला.

आपल्याकडे तर शिक्षेपर्यंत गाडी पोचतच नाही. २०२२ च्या शेवटी देशातल्या तुरुंगांत ५.७३ लाख माणसं होती आणि त्यातली चारातली तीन कच्चे कैदी, म्हणजे निकालच लागलेला नाही. १० लाख लोकांमागे ५० न्यायाधीश हवेत असं विधी आयोगाने १९८७ मध्येच सांगितलं होतं, आज त्याच्या निम्मे पण नाहीत. हे बघून मला खरंच तळमळ होते. कोर्टाच्या व्हरांड्यात एक आजी भेटली होती, पहाटेची एसटी पकडून आलेली, पिशवीत मुलासाठी भाकरी आणि सुक्या बांगड्याचं कालवण. दुपारी पुढची तारीख मिळाली, आणि ती डबा तसाच घेऊन स्टँडकडे चालू लागली.