तूसी : मांडलिक की वतनदार?

चीनच्या नैऋत्येकडील डोंगरी मुलखातल्या वंशपरंपरागत सरदारांना 'तूसी' म्हणतात. मराठीत त्यांच्यासाठी सर्रास 'मांडलिक' लिहिले जाते, ते पटत नाही. मांडलिक खंडणी देतो, पण राज्य त्याचे स्वतःचे असते. तूसीला हुद्दा आणि शिक्का सम्राटाकडून मिळे आणि वारसालाही दरबाराची मंजुरी लागे. लष्करी हुद्द्याचे तूसी युद्धखात्याच्या, तर मुलकी हुद्द्याचे नेमणुका पाहणाऱ्या खात्याच्या अखत्यारीत असत. म्हणजे आपला वतनदार देशमुखच जवळचा; फरक इतकाच की तूसीच्या मुलखाचा कारभार दरबाराच्या बदलीच्या अंमलदाराकडे (ठराविक मुदतीने बदलून येणाऱ्या अधिकाऱ्याकडे) नसून बहुतांशी त्याच्याच हाती असे.

ही मोकळीकच घराण्यांच्या कामी आली. युआन या मंगोल राजवटीच्या काळात वाटलेले हुद्दे त्यानंतरच्या मिंग राजवटीने पक्के केले आणि दरबाराची प्रत्येक गरज तूसींची संधी ठरली. 1380च्या दशकात श्वेइशीच्या (आजच्या ग्वेइजोउ प्रांतातला मुलूख) स्त्री सरदाराने टपालरस्ते खुले करून दिले. 1550च्या दशकात किनाऱ्यावरील चाच्यांविरुद्ध हुनान आणि ग्वांगशीच्या तूसींच्या फौजा बोलावल्या गेल्या. मिळालेल्या मानाच्या जोरावर शेजाऱ्यांचा मुलूख दाबता येई. मात्र हे नेहमीच साधले असे नाही : दोन तूसी आपसांत लढले, तेव्हा दरबाराने दोघांनाही हटवून 1413 मध्ये ग्वेइजोउ प्रांत उभा केला.

बोजोउचे (आजच्या उत्तर ग्वेइजोउतला मुलूख) यांग घराणे या खेळात सर्वांत तरबेज होते. तिथल्या शेवटच्या सरदाराने 1586 मध्ये राजवाड्यासाठी 70 उत्तम ओंडके पाठवले आणि मानाचा पोशाख मिळवला. पुढे त्याच्यावर खटला चालून मृत्युदंड ठरला. तेवढ्यात कोरियात जपानी फौजा उतरल्या आणि पाच हजार सैनिक घेऊन लढायला जाण्याची त्याची तयारी पाहून त्याला सोडून दिले गेले. माझ्या मते पुढच्या रक्तपाताचे मूळ या सुटकेत आहे. त्याचे सैनिक कोरियाला गेलेच नाहीत आणि 1600 मध्ये त्याला मोडून काढायला दोन लाखांहून अधिक फौज लावावी लागली. मोहीम 114 दिवस चालली. शेवटी त्याचा हायलोंगतुन किल्ला पडला आणि बोजोउचे दोन जिल्हे करून तिथे बदलीचे अंमलदार आले.

या मोहिमेत दरबाराच्या बाजूने लढलेल्या श्वेइशीच्या घराण्यातूनही 1622 मध्ये बंड उठले. 1726 पासून मिंगनंतरच्या छिंग राजवटीच्या दरबाराने तूसी हटवण्याचा सपाटा लावला, तरी पश्चिम सिचुआनातल्या जिनछुआनचे तूसी 1776 पर्यंत झुंजले.

युनेस्कोने 2015 मध्ये तूसींची तीन ठाणी जागतिक वारसा यादीत घेतली. त्यांत लाओसीछंग आणि तांगया यांच्यासोबत हायलोंगतुनही आहे.