मोराच्या डोळ्यांत नव्हे, पोटात बघा

‘मोर ब्रह्मचारी, त्याचे अश्रू पिऊन लांडोर गाभण राहते,’ हे आमच्या गोव्यातल्या पेडण्यात अजून ऐकू येते. २०१७ साली राजस्थान उच्च न्यायालयाच्या एका न्यायमूर्तींनीही तेच सांगितले. मग काय, व्हॉट्सॲपला आयते खाद्य मिळाले.

प्रत्यक्षात नाच संपला की मोर लांडोरीच्या पाठीवर चढतो, दोघांची अवस्कर-द्वारे (विष्ठा आणि शुक्राणू किंवा अंडी बाहेर पडण्याची शेपटीखालची एकच वाट) क्षणभर एकमेकांना टेकतात, शुक्राणू पोचतात. इतके झटपट, की बघणाऱ्याला नाचच आठवतो.

पक्ष्यांचे वृषण बाहेर दिसतच नाहीत. ते पोटात, मूत्रपिंडांजवळ असतात. खरी गंमत तिथे आहे. ठरावीक ऋतूत विणणाऱ्या पक्ष्यांत हंगाम सरला की वृषण आकसतात, काही जातींत शेकडो पटींनी. हा आजार नव्हे. नको झालेल्या पेशी शिस्तीत मरतात: पेशी आक्रसते, तिचे आवरणबंद तुकडे पडतात, शेजारच्या पेशी ते गिळून टाकतात. सूज नाही, पू नाही. या मरणाला १९७२ मध्ये ‘ॲपॉप्टोसिस’ नाव मिळाले. मूळ ग्रीक अर्थ पानगळ. पुढच्या हंगामाआधी तेच वृषण पुन्हा फुगतात.

गणेश चवथीच्या सुमारास कुळागरात, म्हणजे सुपारीच्या बागेत, मोरपिसे पडलेली सापडतात ना? तेव्हा मोराचाही हंगाम उतरलेला असतो. रडत मात्र तो नसतो.