कर्नल बिल्ड दुवा (लिनक्स)

लिनक्समध्ये कर्नलबाहेरचे (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यापासून वेगळे बनवलेले) मॉड्यूल, बहुधा ग्राफिक्स कार्डाचा किंवा वाय-फायचा ड्रायव्हर, कंपाइल करताना त्या कर्नलची हेडरे (कंपाइल करताना लागणाऱ्या घोषणांच्या फाइली) आणि कॉन्फिगरेशन कोठे आहे हे सांगणारा सिम्बॉलिक दुवा (दुसऱ्या जागेकडे बोट दाखवणारी फाइल). ‘लिब’मधील ‘मॉड्यूल्स’ डिरेक्टरीत प्रत्येक कर्नल आवृत्तीचे वेगळे घर (उपडिरेक्टरी) असते. त्यात हा दुवा ‘बिल्ड’ या नावाने असतो. सोर्स आणि बिल्डच्या जागा वेगळ्या असतील, तर काही ठिकाणी ‘सोर्स’ नावाचा दुसरा दुवाही दिसतो.

दुवा सापडला नाही की ‘मेक’ (बांधणी चालवणारा प्रोग्राम) ‘अशी डिरेक्टरीच नाही’ असे सांगून थांबतो. डेबियन आणि उबुंटूमध्ये हा दुवा हेडरांच्या पॅकेजबरोबरच येतो, त्यामुळे पॅकेज नसेल तर दुवाही नसतो; फेडोरामध्ये मात्र तो कर्नलबरोबर येतो आणि ‘कर्नल-डेव्हल’ हे हेडरांचे पॅकेज नसल्यास अस्तित्वात नसलेल्या जागेकडे बोट दाखवत राहतो. म्हणून फाइलींची यादी दाखवणाऱ्या ‘एलएस -एल’ या आज्ञेने दुवा दिसला, एवढ्यावर समाधान मानू नये; तो पोचतो कोठे हेही पाहावे.

बिघाडाचे मूळ बहुतेकदा आवृत्त्यांच्या फरकात असते. अद्ययावतीकरणाने ६.१.०-१८ चे कर्नल आणि हेडरे आली, पण यंत्र पुन्हा सुरू न केल्यामुळे चालू कर्नलची आवृत्ती सांगणारी ‘युनेम -आर’ ही आज्ञा अजून ६.१.०-१७ दाखवते, आणि ‘मेक’ त्याच जुन्या घरात दुवा शोधतो. अशा वेळी यंत्र पुन्हा सुरू करावे किंवा चालू आवृत्तीचीच हेडरे बसवावीत. दुवा बनवणाऱ्या ‘एलएन -एस’ या आज्ञेने तो दुसऱ्या आवृत्तीकडे वळवण्याचा मोह होतो खरा; कंपाइल पारही पडते, पण मॉड्यूल चढवताना त्यात कोरलेल्या आवृत्तीच्या वा चिन्हांच्या खुणा चालू कर्नलशी जुळल्या नाहीत, तर कर्नल ते नाकारतो.

कर्नल स्वतः बांधले असेल, तर ‘मेक मॉड्यूल्स_इन्स्टॉल’ दुवा तयार करते. नंतर सोर्सची डिरेक्टरी हलवली वा पुसली की तो तुटतो. नुसता सोर्स उतरवून त्याकडे दुवा जोडणेही पुरत नाही, कारण ‘मेक मॉड्यूल्स_प्रिपेअर’ चालवल्याशिवाय कॉन्फिगरेशनवरून बनणाऱ्या फाइली तयार होत नाहीत. कंटेनरमधला (यजमान यंत्राचेच कर्नल वापरणाऱ्या वेगळ्या कप्प्यातला) घोळ आणखी निराळा: तेथे ‘युनेम’ यजमान यंत्राच्या कर्नलची आवृत्ती सांगते आणि कंटेनरच्या वितरणाकडे त्या आवृत्तीची हेडरे नसूही शकतात, त्यामुळे मॉड्यूल यजमानावरच बांधणे सोयीचे ठरते.